बिनव्याजी बँका : सही कोणाची, हिशोब कोणाचा?

(शेतकी खात्याच्या पानावरून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या वेळचा विषय आमच्या खात्याचा नाही, पण तो आम्हाला सापडला शिवारातच. आडसाली लागणीच्या नोंदी घेत एका गावात फिरत असता आमचे एक जुने सभासद बांधावर भेटले. गावात सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. नोंद झाल्यावर त्यांनी आम्हाला आंब्याखाली बसवले आणि हळूच म्हणाले, "साहेब, उसाचं बिल बँकेत तसंच पडून हाय. व्याज आमच्यात चालत न्हाई. एक माणूस येतोय, बिनव्याजी योजना हाय म्हणतो, नफ्यात वाटा देतो म्हणतो. कागदावर मोठमोठ्या मौलानांची नावं हायेत. द्यावं का?"

आम्ही कृषी पदविकेचे. हुमणीवर काय टाकू असे विचारले असते तर जागेवर सांगितले असते. या प्रश्नाला मात्र "बघून सांगतो" म्हणालो आणि मग खरोखरच बघितले. मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. त्यातून आमचे जे मत झाले ते येथे मांडत आहोत. व्याज घ्यावे की न घ्यावे हा चाचांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडणार नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. धर्माच्या नियमाने चालणाऱ्या पैशाच्या संस्थेत हिशोब कोण तपासतो, आणि ज्याचा पैसा आहे त्याला विचारण्याचा हक्क किती असतो?

आधी या बँका चालतात कशा ते थोडक्यात सांगतो. शरियतप्रमाणे पैशावर ठरलेली वाढ घेणे म्हणजे रिबा, ते निषिद्ध. व्यापारातला नफा मात्र चालतो. म्हणून तिथे ट्रॅक्टरला कर्ज देत नाहीत. बँक स्वतः ट्रॅक्टर विकत घेते आणि नफा धरून तुम्हाला हप्त्याने विकते. याला मुराबहा म्हणतात. खरेदी खरी असेल, मधल्या काळात नुकसान झाले तर ते बँकेचे असेल, तर तो व्यापार. कागदावरच खरेदी आणि कागदावरच विक्री झाली तर नाव बदललेले व्याज. हे आम्ही नव्हे, त्यांच्यातलेच विद्वान म्हणतात. वस्तू नावापुरती फिरवून रोकड हातात देण्याच्या ठरीव व्यवहाराला 'तवर्रुक' म्हणतात. इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या फिकह अकादमीने २००९ साली शारजाच्या बैठकीत तो अमान्य ठरवला. तरी अनेक बँकांत तो चालू राहिला.

ठेवीचा प्रकार आपल्या सभासदांना चटकन कळेल. 'मुदारबा' ठेवीत ठेवीदार पैसा घालतो, बँक कष्ट घालते, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतात. तोटा आला तर तो सगळा पैसेवाल्याचा. बँकेचे कष्ट फुकट गेले एवढेच. बँकेने हलगर्जी किंवा लबाडी केली असेल तरच तोटा तिच्या अंगावर. आपल्याकडे उसाच्या दराचे जे ७०:३० सूत्र आहे, २०१३ च्या राज्य कायद्यातले, त्याच्याशी हे ताडून पाहा. एफआरपी हा तळ आहे, पण त्याच्या वर काय मिळणार ते साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नावर ठरते. म्हणजे साखर किती पोत्यांनी विकली, मळी कोणत्या भावाने गेली, बगॅसचा हिशोब कुठे लागला, यावर तुमच्या उसाचा पैसा अवलंबून. अशा वेळी वजनकाटा बरोबर असून भागत नाही, वहीसुद्धा बरोबर लागते.

आपल्या सभासदाला निदान एक मत आहे. संचालक निवडून देता येतो, वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारता येतो. (विचारतो किती जण, हे आम्हाला विचारू नका. अहवाल वाचायच्या आत 'मंजूर, मंजूर' झाल्याचे आम्ही अनेकदा मंडपाच्या कडेला उभे राहून पाहिले आहे. संपादक मंडळाने हे वाक्य ठेवले तर आभारी राहू.) मुदारबा ठेवीदाराला ते एक मतही नाही. धोका भागधारकासारखा, पण सभेत खुर्ची नाही, संचालक निवडण्यात हात नाही, नफ्याचे प्रमाण बदलले तर विचारणा नाही. या बँकांच्या कारभाराचा खरा दुखरा सांधा हाच आहे असे आमचे मत आहे. व्याज आहे की नाही, ही चर्चा मोठ्या आवाजात होते आणि तिच्या आवाजात हे दुखणे ऐकू येत नाही.

त्यात आणखी एक पेच आहे. चांगल्या वर्षी बँक ठेवीदारांच्या नफ्यातून काही भाग बाजूला काढते आणि वाईट वर्षी त्यातून वाटप सारखे करते, म्हणजे ठेवीदार बिथरून दुसऱ्या बँकेत जाऊ नयेत. हेतू वाईट नाही. पण ज्याने पाच चांगली वर्षे पैसा ठेवला आणि मग काढून घेतला, त्याच्या नफ्यातून कापलेला तो भाग कोणाच्या पदरात पडला? मागून आलेल्याच्या. आणि किती कापायचे हे ठरवले कोणी? संचालकांनी. बिनपरतीच्या ठेवी, परतीच्या ठेवी, कपाती हे शब्द ज्यांच्या बिलावर आयुष्यभर छापून आले, त्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

आता मौलानांच्या सह्यांकडे येऊ. बहुतेक इस्लामी बँकांत शरियत मंडळ असते. कोणता व्यवहार धर्माला धरून आहे ते मंडळ ठरवते, आणि वर्षाच्या अहवालात त्याचा दाखला छापला जातो. बहारीनमध्ये १९९१ साली या बँकांसाठी हिशोबाचे आणि लेखापरीक्षणाचे नियम करणारी संस्था स्थापन झाली, तिला आयोफी म्हणतात. तिच्या नियमाने मंडळात किमान तीन विद्वान हवेत आणि नेमणूक भागधारकांच्या वार्षिक सभेने करावयाची. नियम चांगला आहे. पण नावे सुचवणार संचालक, मानधन देणार बँक, आणि हात वर करणार भागधारक. ठेवीदार यात कुठेच नाही.

शिवाय असे विद्वान थोडे. अरबी धर्मशास्त्र, कायदा आणि बँकेचे हिशोब, तिन्ही जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०१० च्या सुमारास झालेल्या मोजणीत जगभरातल्या अशा मंडळांतील निम्म्याहून अधिक जागा अवघ्या वीस विद्वानांकडे असल्याचे दिसले. एकेका विद्वानाकडे डझनांनी मंडळे. आम्ही शेतकी खात्यातली माणसे. एका गटाकडे नीट बघायचे तर किती फेऱ्या माराव्या लागतात ते आम्हाला ठाऊक आहे. पन्नास गावांच्या लागणीच्या नोंदी एका माणसाने घरी बसून केल्या, तर त्या नोंदवहीवर आमचा विश्वास बसणार नाही, मग त्या माणसाचे चारित्र्य कितीही निर्मळ असो.

मलेशियाने यावर तोड काढली. तिथल्या मध्यवर्ती बँकेने एका विद्वानाने एका प्रकारच्या एकाच संस्थेच्या मंडळात बसावे असा दंडक २००४ पासून घातला. मध्यवर्ती बँकेचे स्वतःचे शरियत सल्लागार मंडळ आहे, आणि २००९ च्या कायद्याने त्याचा निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक केला. २०१३ च्या कायद्याने तर शरियतचा नियम मोडल्यास आठ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याच कायद्याने ठेव आणि गुंतवणूक वेगळी केली. ठेवीला परतीची हमी, गुंतवणुकीला नाही, आणि हे ग्राहकाला आधी सांगायचे. आम्हाला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

सह्या होत्या, नाव होते, आणि तरी पैसा गेला अशी उदाहरणे थोडी नाहीत. दुबई इस्लामिक बँक ही १९७५ सालची, या पंथातली एक आद्य आणि नावाजलेली बँक. १९९५ साली तिच्या एका व्यवस्थापकाकडे आफ्रिकेतल्या माली देशाचा एक माणूस मोटारीसाठी पैसे मागायला आला. ओळख वाढली. आपल्याला जादू येते, पैसे दुप्पट करून दाखवतो, असे त्याने व्यवस्थापकाला पटवले. आपल्याकडे पैशाचा पाऊस पाडणारे मांत्रिक असतात ना, तोच प्रकार. फरक एवढाच की आपल्याकडे पाऊस शेतकऱ्याच्या घरात पडायचा असतो, तिथे तो बँकेच्या तिजोरीतून पडला. १९९८ पर्यंत चोवीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम बँकेतून बाहेर गेली. सरकारला मध्ये पडून बँक सावरावी लागली. तीन वर्षे एवढा पैसा जात असता वरच्यांना कळले कसे नाही? शरियत मंडळ व्यवहाराचा मसुदा पाहते, रोजची रोकड पाहणे त्याचे काम नव्हे. ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नाही. आणि बाहेरचा ठेवीदार मंडळाचा दाखला वाचून समजत होता की सगळेच तपासले गेले आहे.

तुर्कस्तानचा प्रकार आपल्या जास्त ओळखीचा वाटेल. इहलास फायनान्स ही तिथली बिनव्याजी संस्थांतली सर्वांत मोठी संस्था. फेब्रुवारी २००१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. लोकांच्या ठेवी आपल्याच समूहाच्या कंपन्यांत गुंतल्या होत्या. व्याज घेतले की नाही, हा वादच नव्हता, घेतले नव्हतेच. पैसा मालकाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला होता. त्या काळी तिथे सामान्य बँकांच्या ठेवींना सरकारी हमी होती, बिनव्याजी संस्थांना नव्हती. ठेवीदारांना पैशासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले, आणि घाबरून लोक दुसऱ्या चांगल्या बिनव्याजी संस्थांच्या दारातही रांगा लावून उभे राहिले. त्यानंतर तिथे या संस्थांसाठी हमी निधीची सोय झाली आणि २००५ च्या बँकिंग कायद्याने त्यांना इतर बँकांच्या पंक्तीला बसवले.

हे फक्त त्यांच्याकडेच होते असे कोणी म्हणू नये. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत काय झाले ते आठवा. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवलेली निघाली. तिथे व्याज होते, सहकार होता, लेखापरीक्षक होते. नाव सहकाराचे असो की शरियतचे, घरच्याच माणसाला उधार द्यायची सवय लागली की पेढी बसते.

इजिप्तचा अनुभव या दोन्हींच्या आधीचा. १९८० च्या दशकात आखातात राबणाऱ्या इजिप्शियन कामगारांचा पैसा गोळा करणाऱ्या 'इस्लामी' गुंतवणूक कंपन्या तिथे निघाल्या. वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास वाटप, नामवंत मौलवींची शिफारस, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. त्यांतील मोठ्या कंपनीचा पैसा सोन्याच्या आणि परकीय चलनाच्या सट्ट्यात गेला. १९८८ साली सरकारने कायदा करून त्यांना चाप लावला, तोवर अनेकांची पुंजी बुडाली होती. या कंपन्या बँका नव्हत्या. कोणत्याही मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली नव्हत्या. चाचांच्या कागदाशी आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते हे उदाहरण.

त्याच इजिप्तमध्ये याच कल्पनेची चांगली सुरुवातही झाली होती. नाईलच्या खोऱ्यात, कापसाच्या मुलखात, मित घम्र नावाचे गाव आहे. अहमद अल्-नज्जार हे जर्मनीत शिकलेले अर्थतज्ज्ञ. तिथल्या गावोगावच्या बचत बँका पाहून त्यांनी १९६३ साली मित घम्रला बिनव्याजी बचत बँक काढली. आपल्याकडच्या सोसायट्यांची मुळेही जर्मनीतल्या रायफायझनच्या पतसंस्थांत आहेत. निकोल्सन साहेबांचा मद्रासचा अहवाल आणि १९०४ चा कायदा त्यातूनच आला. तेव्हा मित घम्रची बँक आणि आपली विकास सोसायटी ही लांबची का होईना भावंडे. त्या बँकेने पाटीवर धर्माचे नाव लावले नव्हते. पैसा आसपासच्या गावांतला, कर्ज आसपासच्या गावांत, कर्ज कोणाला दिले ते शेजाऱ्याला माहीत. तीन-चार वर्षांत ठेवीदार अडीच लाखांच्या आसपास गेले. १९६७ पर्यंत सरकारने तो प्रयोग आपल्या बँकांच्या ताब्यात देऊन गुंडाळला, ते वेगळे राजकारण. पण कारभाराचा जो प्रश्न पुढे पन्नास वर्षे या बँकांना सोडवता आला नाही, तो तिथे फारसा उठला नाही, कारण ठेवीदार आणि कर्जदार एकमेकांना ओळखत होते.

बँका मोठ्या झाल्यावर ओळख राहत नाही, हे मान्य. मग कागदावर हक्क लागतात. यावर आमच्या एका स्नेह्यांनी, ते बँकेत आहेत, हरकत घेतली. म्हणाले, ठेवीदाराला मत कशाला? न पटले तर पैसे काढून घ्यावेत. ऐकायला बरोबर वाटते. पण इहलासचे ठेवीदार पैसे काढायला गेले तेव्हा खिडकी बंद झालेली होती. पैसे काढण्याचा हक्क हा बातमी वेळेवर कळणाऱ्याच्या उपयोगाचा. गावात राहणाऱ्याला बातमी शेवटी कळते. म्हणून आमचे मत असे की ज्याचा पैसा तोट्याला बांधलेला आहे त्याचा एक तरी प्रतिनिधी संचालकांच्या टेबलाशी बसला पाहिजे, आणि शरियत मंडळ नेमताना ठेवीदारांची संमती घेतली पाहिजे. आपला लेखापरीक्षकसुद्धा वार्षिक सभा नेमते, पण शासनाने मंजूर केलेल्या नामिकेतूनच. संचालकांच्या पसंतीचा कोणीही चालत नाही. तसली चाळणी शरियत मंडळालाही हवी.

धर्माचा नियम सोयीने वापरला जातो तो प्रकारही सांगितला पाहिजे. शारजाच्या दाना गॅस कंपनीने सुकूक, म्हणजे आपल्या भाषेत बिनव्याजी रोखे, विकून लोकांकडून पैसा घेतला होता. फेडीची वेळ जवळ आली तेव्हा, २०१७ साली, सत्तर कोटी डॉलरचे ते रोखे शरियतला धरून नाहीत, सबब बेकायदा आहेत, असे कंपनीनेच जाहीर केले. घेताना हलाल, देताना हराम! इंग्लंडच्या न्यायालयाने त्याच वर्षी रोखेधारकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. रोखे निघाले तेव्हा विद्वानांची मान्यता होतीच.

आता आपल्या घरचे. भारतात इस्लामी बँक म्हणून परवाना मिळालेली एकही बँक नाही. रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते, पण रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तो प्रस्ताव पुढे नेणार नसल्याचे स्पष्ट केले. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला २०१६ साली एका सहकारी बँकेने बिनव्याजी कर्जाची योजना सुरू केली होती, त्याची बरीच चर्चा झाली. पण ती परवाना असलेली बँक होती. गावात पिशवी घेऊन फिरणारा माणूस म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, त्याच्या पावतीला काहीच नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे, तरी त्याच वर्षी बंगळूरला हलाल नफ्याच्या नावाने चाललेली एक कंपनी बुडाली आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. बुडालेले बहुतेक त्याच समाजातले, श्रद्धेने गेलेले.

हे सगळे घेऊन आम्ही पुन्हा चाचांकडे गेलो. त्या माणसाला विचारायचे प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. नोंदणी कोणाकडे आहे? पैसा नक्की कोणत्या धंद्यात आहे? गेल्या वर्षीचा तपासलेला ताळेबंद कुठे आहे? तोटा झाला तर कोणाचा? ज्या मौलानांची नावे छापली आहेत त्यांना ते माहीत आहे का? चाचांनी कागद दोनदा वाचला आणि बराच वेळ गप्प राहिले. मग घरात जाऊन एक पावती घेऊन आले. निम्मे पैसे त्यांनी रमजानच्या आधीच दिले होते. पहिल्या भेटीत सांगायला संकोच वाटला, म्हणाले.

पावती आम्ही पाहिली. शिक्का आहे, सही आहे, नोंदणी क्रमांकाची जागा कोरी आहे. चाचांबरोबर आम्ही तालुक्याला जाऊन तक्रार अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे, पुढे काही कळलेले नाही. अशाच पावत्या आणखी कोणा सभासदांकडे असतील, मग त्या कोणत्याही नावाच्या योजनेच्या असोत, तर त्यांनी त्या घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी आम्ही तिथे असतो.